३५ मिमीची स्लाइड माउंट कशी करावी: सोलापूरच्या धुळीत आणि उन्हाळ्यात

धुऊन आलेली स्लाइड फिल्म हल्ली अखंड गुंडाळी म्हणून हातात पडते, नाहीतर सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या करून. माउंट (एकेका चित्राचा तुकडा धरून ठेवणारी, मध्ये खिडकी असलेली चौकट) घालून देणाऱ्या लॅब आता शोधाव्या लागतात. शिवाय घरोघरी, शाळा-कॉलेजांत जुने डबे असतातच: नान्नजच्या माळावरचे माळढोक, गड्ड्याच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक, मेडिकलच्या लेक्चरसाठी केलेल्या निळ्यावर पांढऱ्या अक्षरांच्या स्लाइड. त्यांचे पुठ्ठ्याचे माउंट वाकलेले, कोपरे फुटलेले. फिल्म नवी असो वा जुनी, माउंट घालायचं काम घरच्या टेबलावर नीट होतं. घाई मात्र चालत नाही.

माउंटकडून दोनच अपेक्षा असतात. फिल्म सपाट धरायची आणि प्रत्येक वेळी लेन्सपासून तेवढ्याच अंतरावर ठेवायची. म्हणून पहिला नियम असा: एका कार्यक्रमात एकाच जातीचे माउंट. पुठ्ठा, प्लॅस्टिक आणि काच प्रोजेक्टरच्या एकाच ट्रेमध्ये कालवले की दर दोन-तीन स्लाइडला फोकस हलतो, आणि ऑटोफोकसवाला प्रोजेक्टर पुढं-मागं चाचपडत बसतो.

कुठला माउंट घ्यायचा

बाहेरून सगळे सारखेच, ५० × ५० मिमी, म्हणजे दोन इंच. फरक जाडीत आणि आतल्या रचनेत. पुठ्ठ्याचा सुमारे सव्वा ते दीड मिमी, साधा प्लॅस्टिकचा दोनच्या आसपास, काचेचा तीनच्या आसपास. ट्रे विकत घेण्याआधी हे बघावं. कोडॅक कॅरोसेल प्रोजेक्टरच्या १४० खाचांच्या गोल ट्रेमध्ये फक्त पातळ पुठ्ठ्याचे माउंट चालतात. प्लॅस्टिकचे किंवा काचेचे घालायचे तर ८० खाचांचाच ट्रे हवा. सरळ लांबट ट्रे असलेल्या प्रोजेक्टरमध्ये ही अडचण कमी येते.

आतली खिडकी फिल्मवरच्या २४ × ३६ मिमी चित्रापेक्षा थोडी लहान असते, साधारण २३ × ३५. म्हणजे चारही बाजूंनी अर्धा मिमी चित्र झाकलं जातं. पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये थोडं जास्तच. फोटो काढताना माणसाचे पाय चित्राच्या अगदी कडेला ठेवले असतील तर पडद्यावर ते कापले जाणार, हे धरून चालावं. हाफ-फ्रेम कॅमेऱ्याच्या १८ × २४ चित्रासाठी वेगळ्या खिडकीचे माउंट मिळतात. १२० फिल्मच्या ६ × ६ साठी माउंटच ७ × ७ सेमीचा असतो आणि त्याला प्रोजेक्टरही वेगळा लागतो.

सोलापुरासाठी आमची शिफारस स्पष्ट आहे: बिनकाचेचा, दोन भाग दाबून बसणारा प्लॅस्टिकचा माउंट. काचेच्या माउंटला चार काचपृष्ठं येतात, फिल्मच्या दोन बाजू धरून धूळ बसायला सहा जागा. इथल्या हवेत सहाही जागा स्वच्छ राखणं हे एका स्लाइडमागं दहा मिनिटांचं काम होऊन बसतं. काच कुठं खरोखर लागते ते पुढं सांगितलंय.

सामान फार नाही: माउंट (फुटतात, म्हणून दहा टक्के जास्त), एलईडी लाइट बॉक्स, ८ पट मोठं दाखवणारी लूप, रबरी ब्लोअर, मऊ केसांचा ब्रश, सुती पांढरे हातमोजे, बोथट टोकाचा चपटा चिमटा आणि धारदार लांब पात्याची कात्री. ब्लोअर म्हणजे हातानं दाबायचा फुगा. दाबाच्या हवेचे डबे टाळलेले बरे, कारण डबा तिरका झाला की आतला द्रव थेट फिल्मवर उडतो आणि डाग सोडतो.

खोली आणि वेळ

स्लाइडची खरी लढाई इथं, कापण्या-बसवण्याच्या आधी. ३५ मिमीचं चित्र पावणेदोन मीटर रुंद पडद्यावर टाकलं की ते पन्नास पट मोठं होतं. दशांश मिमी जाडीचा तंतू पडद्यावर अर्धा सेंटिमीटर जाड दोरा होतो. तोही चित्राच्या उजळ भागात काळाकुट्ट दिसतो: माळरानावरच्या मोकळ्या आभाळात, बाराबंदीच्या पांढऱ्या कापडावर. झाडीच्या, सावलीच्या चित्रात तोच तंतू नजरेतही येत नाही. म्हणून स्वच्छतेला वेळ कमी असेल तर तो उजळ स्लाइडवर खर्च करावा.

सोलापुरात धुळीबरोबर कापसाचा तंतू येतो. पूर्व भागात मागांच्या शेजारी घर असेल तर खिडकीच्या गजांवर बोट फिरवून बघा, रुईचा थर हाताला लागेल. टेबलावर टॉवेल अंथरून काम करायची सवय असेल तर ती इथं मोडावी लागते. टॉवेलचे सुटे धागे नेमके फिल्मवर येऊन बसतात. टेबल ओल्या फडक्यानं पुसून वर काच किंवा गुळगुळीत सनमायका असलेला पाट ठेवावा. अंगात लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं काही नको.

दुसरी भानगड कोरड्या हवेची. मार्च ते मेमध्ये दुपारी हवा इतकी कोरडी असते की फिल्म प्लॅस्टिकच्या पिशवीतून ओढली की तिच्यात स्थिर वीज भरते आणि मग ती आसपासची धूळ स्वतःकडं खेचते. ब्लोअर मारला तरी कण हलत नाही, हलला तर पुन्हा तिथंच चिकटतो. यावर दोन साधे उपाय. एक, काम पहाटे करावं, तेव्हा हवेत ओल जास्त असते. दोन, बसण्याआधी फरशी ओल्या पोछ्यानं पुसून घ्यावी आणि अर्धा तास थांबावं. धूळही बसते आणि हवा थोडी दमट होते. पंखा बंद. कूलरही बंद, त्याचा वारा खसच्या ताट्यांमधला कचरा आणि पाण्याचे बारीक थेंब दोन्ही घेऊन येतो. घाम येतो हे खरं, पण घामाचा थेंब फिल्मवर पडला तर ती जागा कायमची गेली, तेव्हा कपाळाला रुमाल बांधावा. पिशवीतून फिल्म सरकवताना सावकाश सरकवावी, झटका देऊ नये.

पावसाळ्यात उलटं. इथला मोठा पाऊस सप्टेंबरात येतो. त्या दिवसांत बिनकाचेचे माउंट घालायला हरकत नाही, काचेचे मात्र घालू नयेत. फिल्मनं शोषलेली ओल काचांच्या मध्ये अडकते.

फिल्मची बाजू ओळखणं

फिल्मला दोन बाजू. एक गुळगुळीत, चकाकणारी, ती बेस. दुसरी थोडी मंद. ती इमल्शनची, तिच्यातच चित्र असतं. दिव्याखाली तिरकं धरलं की इमल्शनच्या बाजूला चित्राचा हलका उठाव दिसतो. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ स्लाइडवर चकाकणाऱ्या बाजूनं पाहिलं की चित्र सुलट दिसतं आणि कडेवरची कंपनीची अक्षरं आणि आकडेही सरळ वाचता येतात. चित्रात पाटी नसेल, ओळखीचा चेहरा नसेल, तर ही कडेची अक्षरंच खात्रीची. दुसऱ्या स्लाइडवरून काढलेल्या नकलेत मात्र बाजू उलटी असू शकते. तिथं चित्रातली अक्षरं बघावीत.

प्रोजेक्टरमध्ये चकाकणारी बाजू दिव्याकडं, इमल्शन पडद्याकडं. प्लॅस्टिकच्या माउंटचा एक अर्धा भाग पांढरा आणि दुसरा करडा किंवा काळा असेल तर पांढरा सहसा दिव्याकडं ठेवायचा, तो उष्णता परतवतो. म्हणजे चकाकणारी बाजू पांढऱ्या भागाकडं येईल अशी फिल्म बसवायची. शंभर स्लाइड करताना ही एकच जोडी लक्षात ठेवली की पुढं ट्रे भरताना डोकं चालवावं लागत नाही.

कापणं

दोन चौकटींच्या मध्ये साधारण २ मिमीची काळी पट्टी असते. कात्री तिच्या बरोबर मधून जायला हवी. म्हणजे तुकडा ३८ मिमी लांब आणि फिल्मच्या रुंदीइतका, ३५ मिमी, होतो. ३८ हा आकडा कुठून येतो तर फिल्मच्या कडेच्या भोकांवरून: दोन भोकांतलं अंतर ४.७५ मिमी आणि दर चौकटीला आठ भोकं.

ही आठ भोकं रात्रीच्या फोटोंत कामाला येतात. यात्रेतल्या रोषणाईचा किंवा दारूकामाचा फोटो असेल तर आभाळ काळं, मधली पट्टी काळी, चौकट कुठं संपते ते कळतच नाही. अशा वेळी आधीच्या स्पष्ट चौकटीच्या कडेपासून आठ भोकं मोजावीत. फिल्म लाइट बॉक्सवर थोडी तिरकी धरली की मधल्या पट्टीच्या गडद काळ्यात आणि चित्राच्या काळ्यात अगदी किंचित फरकही दिसतो. तरी शंका राहिली तर ती पट्टी तशीच ठेवून पुढच्या चौकटी कापाव्यात आणि नंतर दोन्हीकडून मोजून मध्ये यावं. जुन्या कॅमेऱ्यांत फिल्म पुढं सरकवणारं चाक झिजलेलं असतं, त्यामुळं अंतर कधी १ मिमी, कधी ३. ठराविक मापानं सरसकट कापत गेलं तर पाचव्या-सहाव्या चित्राची कड जाते. प्रत्येक कापाआधी बघायचंच.

ब्लेड आणि पट्टीपेक्षा कात्री बरी. ब्लेडनं कडेला बारीक कंगोरा उठतो आणि तो तुकडा खाचेत बसताना अडतो. फिल्म भोकांच्या कडेला धरायची, चित्रावर बोट नको, हातमोजे असले तरी.

बिनकाचेच्या माउंटमध्ये बसवणं

माउंटचा पांढरा अर्धा भाग टेबलावर, आतली बाजू वर. ब्लोअर मारून घ्या. चिमट्यानं तुकडा भोकांपाशी धरून चकाकणारी बाजू खाली ठेवत खाचेत ठेवा. चारही कडा त्या उथळ खाचेत पडल्या पाहिजेत. एक कोपरा वर राहिला असेल तर तुकडा लांब कापला गेलाय. कडेची अर्धा मिमी काळी पट्टी छाटा. दाबून बसवू नका. लांब तुकडा दाबून बसवला की तो मध्ये फुगतो आणि पडद्यावर मधलं चित्र धूसर, कडा स्वच्छ असं होतं. लोक लेन्सला दोष देतात.

वरून करडा भाग ठेवून आधी दोन विरुद्ध कोपरे, मग उरलेले दोन, मग चारही बाजू अंगठ्यानं दाबत जा. प्रत्येक खुंटी बसताना टक असा आवाज येतो. माउंट कडेनं डोळ्यासमोर धरून फट कुठं राहिली का ते पहा. राहिली असेल तर आत फिल्म चिमटली गेलीय. पुन्हा उघडताना स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा पुरतो.

तुकड्याला खाचेत किंचित हालायला जागा हवी, हे फार महत्त्वाचं. दिव्यापुढं आली की फिल्म तापते, पसरते. चारही बाजूंनी टेप लावून जखडली तर पसरायला वाव न मिळाल्यानं ती उन्हात टाकलेल्या पापडासारखी वळते. टेप लावावीच लागली (तुकडा सतत सरकत असेल तर) तर एकाच बाजूला, भोकांवर आणि स्लाइडसाठीचीच पॉलिस्टर टेप. साधी सेलोटेप तापून पाझरते, डिंक चित्रावर येतो.

घडी घालून चिकटवायचे पुठ्ठ्याचे माउंट कुणाकडं असतील तर इस्त्री रेशमी कापडाच्या खुणेवर, वाफ बंद, आणि फक्त इस्त्रीच्या कडेनं पुठ्ठ्याची चौकट दाबायची, दोन-तीन सेकंद. खिडकीवर इस्त्री गेली तर फिल्म वितळते.

काच कधी

लेक्चरमध्ये एकच स्लाइड चार-पाच मिनिटं पडद्यावर राहणार असेल, दोन प्रोजेक्टर जोडून एक चित्र दुसऱ्यात विरघळवायचं असेल किंवा सभागृहातला पडदा फार मोठा असेल, तर काच घ्यावी. बिनकाचेची फिल्म तापल्यावर एकदम फुगून फोकस सोडते, ते काचेत होत नाही. दोन प्रोजेक्टरच्या कामाला भोकांत बसणाऱ्या खुंट्यांचे माउंट मिळतात, म्हणजे चित्रं तंतोतंत एकावर एक येतात.

काचेत अडचण इंद्रधनुषी वलयांची, ज्यांना न्यूटनची वलयं म्हणतात. गुळगुळीत बेस आणि गुळगुळीत काच यांच्यामध्ये अगदी पातळ हवा राहिली की ती दिसतात. त्यावर अँटी-न्यूटन काच असते, जिचं पृष्ठ किंचित खरबरीत केलेलं असतं. ती फिल्मच्या चकाकणाऱ्या बाजूला यायला हवी. इमल्शनची बाजू मुळात खडबडीत असल्यानं तिथं वलयं कमी येतात. काचेचं खरबरीत अंग बोटानं तपासायला जाऊ नका, ठसा निघत नाही. तिरप्या उजेडात ते किंचित धुरकट दिसतं.

माउंट घालण्याच्या आदल्या दिवशी तुकडे सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवावेत. ओल राहिली तर दिवा लागल्यावर ती काचेवर साठते आणि पडद्यावर ढगांसारखे डाग सरकताना दिसतात. मग काचा आतून पुसाव्या लागतात.

लेन्सचाही संबंध येतो. काही प्रोजेक्टर लेन्स वाकलेल्या फिल्मसाठी बनवलेल्या असतात, त्यांच्या नावात सीएफ अशी अक्षरं असतात. त्या बिनकाचेच्या माउंटसाठी. काचेच्या माउंटला सपाट क्षेत्राची लेन्स हवी. उलटसुलट झालं तर मध्य स्वच्छ आणि कोपरे धूसर, किंवा त्याच्या उलट.

जुन्या स्लाइड काढताना

पुठ्ठ्याच्या माउंटमधून फिल्म ओढून काढू नका, ती कडेला चिकटलेली असते. पुठ्ठ्याची एक कड ब्लेडनं पातळ कापून दोन पदर वेगळे करा आणि वरचा पदर सोलत न्या. माउंटवरचं लिखाण (तारीख, गाव, पक्ष्याचं नाव) आधी वहीत उतरवून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. माउंट फेकला की माहितीही गेली.

चित्रावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. तिला पाणी लावू नका. बुरशीनं खाल्लेलं इमल्शनमधलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच निघून येतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा हलका भिजवून आधी चकाकणारी बाजू पुसावी, मग अगदी हलक्या हातानं दुसरी, आणि तीही आधी एखाद्या टाकाऊ स्लाइडवर करून बघून. डब्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर बेस सडतोय. अशा स्लाइड बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या ठेवाव्यात आणि आधी स्कॅन कराव्यात, कारण त्या आकसत जातात.

कोडाक्रोम (कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म) असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. अंधारात तिचे रंग उत्तम टिकतात, पण प्रोजेक्टरच्या उजेडात ती ई-६ (म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या स्लाइड) फिल्मपेक्षा लवकर फिकटते. ती धुणारी शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली, २०१० च्या डिसेंबरअखेर नव्या फिल्म घ्यायची थांबली. तेव्हा मूळ स्लाइड वारंवार दाखवू नयेत, नक्कल दाखवावी.

खूण, ट्रे आणि पडदा

स्लाइड हातात जशी बघायची तशी सुलट धरा, चकाकणारी बाजू आपल्याकडं. माउंटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात पेनानं ठिपका. ट्रेमध्ये घालताना पडद्याकडं तोंड करून उभं राहा आणि स्लाइड उलटी करा, म्हणजे डोकं खाली: ठिपका उजव्या वरच्या कोपऱ्यात, आपल्या बाजूला येतो. सगळे ठिपके एका रांगेत दिसले की ट्रे बरोबर भरलाय. ठिपक्याऐवजी गोल स्टिकर लावू नका, उष्णतेनं सुटून तो आत अडकतो. क्रम ठरला की सगळ्या स्लाइड एकत्र धरून वरच्या कडांवर मार्करनं तिरकी रेघ मारावी. ट्रे पडला, स्लाइड विखुरल्या, तरी रेघ जुळवली की क्रम परत मिळतो.

उभ्या फोटोंसाठी पडदा चौरस हवा, नाहीतर डोकं छतावर आणि पाय पडद्याखाली. चित्राची रुंदी काढायला माउंटच्या खिडकीची रुंदी गुणिले अंतर, भागिले लेन्सची फोकल लांबी. ३५ मिमी खिडकी, ८५ मिमी लेन्स आणि ४ मीटर अंतर असेल तर चित्र सुमारे १.६५ मीटर रुंद. दहा मीटरच्या हॉलला १५० मिमीची लेन्स घेतली तर सव्वादोन-अडीच मीटरच्या मध्ये. पांढरी चादर पडदा म्हणून ताणायचा मोह होतो, पण तिच्यातून बराच उजेड पलीकडं जातो आणि मधली सुरकुती दिसत राहते. पांढरी, चकाकी नसलेली भिंत तिच्यापेक्षा केव्हाही चांगली.

अडतं कुठं

स्लाइड आत अडकणं हा सगळ्यात नेहमीचा त्रास. कारण बहुधा पुठ्ठ्याचा फुटलेला कोपरा किंवा वाकलेली चौकट. सपाट काचेवर माउंट ठेवून टिचकी मारली आणि तो डुलला तर तो ट्रेत घालू नये. अडकल्यावर ट्रे ओढायचा नाही. दिवा बंद करून हाताच्या किल्लीनं किंवा नाण्यानं, जसं मॉडेल असेल तसं, सुटका करायची.

सुरुवातीला फोकस बरोबर आणि तीन-चार सेकंदांत सुटतोय, असं झालं तर फिल्म तापून फुगतेय. पहिल्या स्लाइडला पाच सेकंद जाऊ द्यावेत, मग फोकस लावावा आणि पुढं हात लावू नये. साधारण आठ-दहा सेकंद एका स्लाइडला पुरतात. बिनकाचेची स्लाइड मिनिटापेक्षा जास्त ठेवू नये. उन्हाळ्यात बंद हॉलमध्ये प्रोजेक्टरच्या पंख्याची जाळी आधी साफ करावी. तिच्यावर रुईचा थर असेल तर २४ व्होल्ट २५० वॉटचा हॅलोजन दिवा आतली फिल्म अक्षरशः भाजतो. तो दिवा बदलताना काचेला उघडं बोट लागू देऊ नका, तेलकट ठशाच्या जागी तो तडकतो. कार्यक्रम संपल्यावर दिवा बंद, पंखा पाच मिनिटं चालू, आणि तोवर प्रोजेक्टर हलवायचा नाही.

माउंट केलेल्या स्लाइड पॉलिप्रॉपिलीनच्या खिशांत किंवा झाकणाच्या ट्रेमध्ये ठेवाव्यात. उग्र वास येणारे मऊ पीव्हीसीचे खिसे नकोत, ते फिल्मला चिकटतात. जागा खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट. माळा किंवा पत्र्याखालची खोली चालणार नाही, मे महिन्यात तिथं हात लावलेला डबाही चटका देतो. सिलिका जेलच्या पुड्या जूनच्या आधी तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा ठेवाव्यात.